चौथऱ्यावरून उतरलेला माणूस

पुतळ्यांवरून महाराष्ट्रात जेवढी भांडणं होतात तेवढी दुसऱ्या कुठल्याच कलेवरून होत नाहीत, आणि तरीही त्या भांडणांत शिल्पाविषयी अवाक्षर नसतं. पुतळा कुणाचा, किती फुटी, अनावरण कुणाच्या हस्ते आणि चेहरा हुबेहूब आहे की नाही, एवढ्यातच सगळं आटोपतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर अंबाझरी तलावाच्या सांडव्यासमोरचं विवेकानंद स्मारक पाण्याच्या वाटेत येतं का, हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. पण स्मारक हवं म्हणणारे कोण आणि नको म्हणणारे कोण, याचीच मोजदाद होत राहिली. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालेला शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. त्या दुःखातून पुढे काय आलं? आधीपेक्षा उंच पुतळा. उभं शरीर मोकळ्या जागेत ठेवलं की त्या जागेचं काय होतं, बघणाऱ्याच्या शरीराशी त्याचं नातं कसं जुळतं, हे कुणी विचारलं का?

माझं म्हणणं असं आहे की महापुरुषांच्या पुतळ्यांच्या बरोबरीने, जमिनीवर उभ्या असलेल्या, नाव नसलेल्या, माणसाएवढ्या माणसालाही नागपूरसारख्या शहरात सार्वजनिक जागा मिळाली पाहिजे. ही मागणी हवेतली नाही. अँटनी गॉर्मली या ब्रिटिश शिल्पकाराने जवळपास पन्नास वर्षं मानवी देह हा एकच विषय धरून काम केलं आहे. ते काम नीट पाहिलं तर आपला वाद किती तोकडा आहे ते कळतं. शिवाय हे काम जिथून उगवलं ती जमीन आपल्याला परकी नाही.

गॉर्मली यांचा जन्म १९५० चा, लंडनचा. केंब्रिजला पुरातत्त्व, मानववंशशास्त्र आणि कलेचा इतिहास शिकून ते १९७१ ते १९७४ या काळात भारतात आणि श्रीलंकेत राहिले. इथे सत्यनारायण गोयंका गुरुजींकडे त्यांनी विपश्यना केली, भिक्षू व्हावं का असा विचारही केला, आणि शेवटी शिल्पकलेकडे वळले. परत गेल्यावर केलेल्या अगदी सुरुवातीच्या कामांत एक आहे ते प्लास्टरमध्ये भिजवलेल्या चादरीचं. जमिनीवर पाय पोटाशी घेऊन झोपलेल्या माणसावर चादर टाकायची, ती कडक होऊ द्यायची, आणि माणूस खालून निघून गेला की आकार तेवढा उरतो. भारतात स्टेशनांवर आणि फुटपाथवर डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेली माणसं त्यांनी पाहिली होती. नागपूर स्टेशनच्या बाहेर रात्री अकरानंतर हे दृश्य आजही दिसतं. चेहरा नाही, नाव नाही, जात नाही, तरी आत माणूस आहे याबद्दल तिळमात्र शंका येत नाही. पुढच्या सगळ्या कामाचं बीज यात आहे.

विपश्यनेत डोळे मिटून बसल्यावर देह बाहेरून दिसत नाही, तो आतून जाणवतो, हे साधक सांगतात. गॉर्मली यांनी शिल्पकलेला तोच प्रश्न विचारला. हजारो वर्षं शिल्पकार कातडीची बाहेरची बाजू घडवत आले: दंडाचे स्नायू, वस्त्राच्या चुण्या, मिशीचा पीळ. पण माणूस तर कातडीच्या आत राहतो. मग आतली जागा दाखवायची कशी? १९८०-८१ च्या सुमारास त्यांनी पावाच्या ८,६४० स्लाइस मेणात बुडवून गादीसारख्या रचल्या आणि त्यात स्वतःच्या देहाएवढा भाग खाऊन दोन अर्धे खळगे ठेवले. माणूस तिथे नाही. त्याच्या घनफळाएवढी पोकळी आहे. पाठोपाठ शिशाच्या पत्र्याची देहकवचं आली.

ही कवचं कशी होतात ते जवळून पाहण्यासारखं आहे, कारण 'स्वतःचा साचा काढला की झालं, यात कला कसली' असा आक्षेप फार सहज घेतला जातो. शिल्पकार स्वतः ठरलेल्या मुद्रेत उभा राहतो, वाकतो किंवा बसतो. अंगावर पातळ प्लास्टिकची फिल्म गुंडाळतात, म्हणजे प्लास्टर केसांना आणि कातडीला धरत नाही. मग प्लास्टरमध्ये बुडवलेल्या विरळ विणीच्या तागाच्या पट्ट्या थरावर थर लावत जातात. हे काम सुरुवातीची अनेक वर्षं त्यांच्या चित्रकार पत्नी विकेन पार्सन्स करत असत. प्लास्टर घट्ट होताना तापतं; थर जाड झाला तर चटका बसतो, पातळ राहिला तर काढताना मोडतो. सगळ्यात अवघड श्वास. छाती जास्त फुलली की ओल्या कवचाला तडा जातो, म्हणून श्वास उथळ आणि एकसारखा ठेवावा लागतो. हे तासभर आणि त्याहून जास्त. आनापान, म्हणजे येत्या-जात्या श्वासावर लक्ष ठेवणं, शिकलेला माणूस या कामाकडे का वळला ते इथे उमगतं. कवच कापून सोडवायचं, पुन्हा जोडायचं, फायबरग्लासने बळकट करायचं आणि त्यावर शिशाचे पत्रे ठोकून त्यांचे सांधे जोडायचे. सांधे लपवायचे नाहीत. ते आडव्या-उभ्या रेषांनी अंगभर दिसतात, आणि त्यामुळे हा देह व्यक्तिचित्र न राहता नकाशा होतो. नाक-डोळे जवळजवळ पुसले गेलेले असतात. उरते ती मुद्रा: मान किती झुकली, वजन टाचेवर आहे की चवड्यावर.

'हे पाश्चात्त्य फॅड आहे, आपल्या मातीत रुजणार नाही' असं म्हणणाऱ्यांनी एकदा पवनीला जाऊन यावं. वैनगंगेकाठच्या त्या गावी १९६९-७० मध्ये उत्खनन झालं आणि ख्रिस्तपूर्व काळातला स्तूप उजेडात आला. तिथल्या एका स्तंभावर बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नाग फणा काढून उभा आहे, खाली आसन आहे आणि आसन रिकामं आहे. बुद्ध तिथे आहेत हे बघणाऱ्याला कळत होतं. देह कोरला नाही म्हणून कुणाची श्रद्धा उणावली नाही. रामटेकजवळच्या मनसरला सापडलेली वाकाटककाळातली वामन-शिवाची मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ठेंगणी, स्थूल, शरीरशास्त्राच्या मापात न बसणारी, आणि तरी बघणाऱ्याला खिळवून ठेवणारी. आणि दीक्षाभूमी? सांचीचा स्तूप भरीव आहे, त्याला प्रदक्षिणा घालायची. दीक्षाभूमीचा स्तूप पोकळ आहे, त्यात माणसं आत जातात. आतली जागा हाच आशय, ही गोष्ट लाखो नागपूरकर दरवर्षी अंगाने अनुभवतात. तेव्हा देहाच्या आतल्या पोकळीबद्दल बोलणारा शिल्पकार आपल्याला समजणार नाही, हे आपल्याच लोकांना कमी लेखणं झालं.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवलं, त्यांच्यासाठी चौकातला बाबासाहेबांचा पुतळा हा कलेचा प्रश्न नाही, हक्काचा आहे. त्या एकेका पुतळ्यासाठी माणसांनी मार खाल्ला आहे, खटले अंगावर घेतले आहेत. विटंबना झाली की वस्ती रस्त्यावर येते ती उगाच नाही. अशा समाजाला 'आता ओळखू येणारे पुतळे जुने झाले, निनावी आकृती बघा' असं सांगणं हा उद्धटपणा आहे. हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो, आणि म्हणूनच एकाच्या जागी दुसरं आणा असं मी म्हणत नाही. पण या पुतळ्यांकडेच जरा लक्ष देऊन बघू या. विदर्भातल्या खेड्यापाड्यांतले बाबासाहेब सिमेंटचे, स्थानिक कारागिरांनी घडवलेले आणि दरवर्षी नव्याने रंगवलेले असतात. चेहरा प्रत्येक ठिकाणी थोडा वेगळा. तरी अर्ध्या किलोमीटरवरून एसटीच्या खिडकीतून ते ओळखू येतात, ते कशामुळे? उचललेला हात, पुढे रोखलेलं बोट, काखेशी धरलेला ग्रंथ, कोट, ताठ कणा. म्हणजे लोक चेहऱ्याचा हुबेहूबपणा वाचत नाहीत, ते मुद्रा वाचतात. ज्या समाजाला मान खाली घालायला लावलं होतं त्याने ताठ मानेचं शरीर चौकात उभं केलं. अर्थ त्या मानेत आणि त्या हातात आहे. मुद्रा हीच देहाची भाषा, हे गॉर्मली यांच्या कामाचं सूत्र विदर्भातल्या कारागिरांनी आपापल्या परीने आधीच सिद्ध केलेलं आहे. हुबेहूब चेहऱ्याचा हट्ट धरणाऱ्या समित्यांनाच ते अजून दिसलेलं नाही.

दुसरा आक्षेप गॉर्मली यांच्यावरचा आहे आणि तोही हलका नाही. एका उंच, गोऱ्या, शिकलेल्या पुरुषाचं शरीर साऱ्या जगभर उभं करायचं आणि त्याला 'माणूस' म्हणायचं, हे कसं काय? लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बीच्या किनाऱ्यावर त्यांच्या देहाच्या १७ साच्यांतून ओतलेल्या १०० बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, आकृत्या आहेत, प्रत्येकी सुमारे ६५० किलो. भरतीत बुडतात, ओहोटीत वर येतात, अंगावर शिंपल्यांसारखे जीव चिकटतात. ती सगळी माणसं एकच माणूस आहेत. बाईचं शरीर कुठे आहे, म्हाताऱ्याचं कुठे आहे, हा प्रश्न रास्त आहे आणि काही कामांच्या बाबतीत त्याला उत्तर नाही. पण कारकीर्द एवढ्यावर संपत नाही. १९९६ च्या एका कामात स्वीडनमधल्या माल्मो शहरातल्या तान्ह्या पोरांपासून ऐंशीच्या घरातल्या वृद्धांपर्यंत ३०० रहिवाशांची मापं घेऊन प्रत्येकाच्या मापाची एकेक काँक्रीटची खोली उभी केली. २००३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या खाऱ्या सरोवरात जवळच्या छोट्या वस्तीतल्या माणसांची शरीरं स्कॅन करून, ती आत आत आटवून, कृश काळ्या आकृत्या मैलोन्‌मैल पेरल्या. आणि २००९ मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गर चौकातल्या रिकाम्या चौथऱ्यावर त्यांनी काहीच घडवलं नाही: १०० दिवस, चोवीस तास, दर तासाला एक याप्रमाणे २,४०० सामान्य माणसांना त्या चौथऱ्यावर उभं राहू दिलं. सेनापती आणि राजे यांच्या रांगेत एक तास एखादी शिक्षिका, एक तास एखादा बेकार तरुण. त्यात उथळपणाही झाला, कुणी नाचलं, कुणी जाहिरात केली. तरीही चौथरा ही सत्तेची जागा आहे आणि तिथे कुणीही उभं राहिलं की बघणाऱ्याची मान आपोआप वर जाते, हे त्या १०० दिवसांनी जितकं उघड केलं तितकं कुठल्या भाषणाने केलं नसतं.

तिसरा आक्षेप नेहमीचा: लोकांना समजत नाही आणि पैसा वाया जातो. आपल्या शहरांच्या दुभाजकांवर कुठल्याशा ठेकेदाराने ठोकलेल्या भंगाराच्या आकृत्या बघून हा आक्षेप येत असेल तर तो रागही समजण्यासारखा आहे. पण 'लोक' या कामावर किती दिवस चिडून राहतात? फ्रान्सच्या लेखकसंघाने शिल्पकार रोदँकडे कादंबरीकार बाल्झाकचा पुतळा सोपवला तो १८९१ मध्ये. झग्यात गुंडाळलेला, मागे कललेला तो देह १८९८ मध्ये पाहून त्याच संघाने तो नाकारला, वर्तमानपत्रांनी टर उडवली. रोदँ १९१७ मध्ये गेले. पॅरिसच्या रस्त्यावर तो ब्राँझमध्ये उभा राहिला १९३९ मध्ये. इंग्लंडमधल्या गेट्सहेड या कोळशाच्या खाणी बंद पडलेल्या गावी गॉर्मली यांचा 'एंजल ऑफ द नॉर्थ' हा पंख पसरलेला पोलादी देह येणार म्हटल्यावर, सुमारे आठ लाख पौंडांत दवाखान्याच्या किती खाटा आल्या असत्या, असाच सूर होता. फेब्रुवारी १९९८ मध्ये तो उभा राहिला आणि मे महिन्यात न्यूकॅसलच्या फुटबॉलप्रेमींनी गलोलीने दोऱ्या फेकून त्याला आपल्या लाडक्या खेळाडूची भलीमोठी जर्सी चढवली. तीन महिन्यांत परका देह आपला झाला होता.

आणि नागपूरकरांना निनावी देह वाचता येत नाही असं म्हणणाऱ्याने तान्ह्या पोळ्याला महालात उभं राहावं. १८८० च्या दशकापासून तिथून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापीडा बाहेर नेणाऱ्या भल्यामोठ्या बाहुल्या, मिरवणुकीने निघतात. बांबू, कामट्या, कागद, कापड आणि रंग. मापात न बसणारी छाती, पसरलेले हात, वटारलेले डोळे. सोबत बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे: महागाईचा, रोगाचा, भ्रष्टाचाराचा, त्या त्या वर्षी जे छळतंय त्याचा. 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत लाखभर माणसं त्या देहांमागे चालतात आणि कुणालाही खाली पाटी लावून अर्थ सांगावा लागत नाही. मारबत आणि बडगे हे नागपूरचं आधुनिक शिल्पच आहे, असं मी ठामपणे मानतो. त्याला कलेच्या चर्चेत जागा मिळत नाही, कारण तो देह हुबेहूब नाही आणि तो टिकत नाही.

टिकण्यावरून आठवलं. शरीर उभं करणं हा आधी इमारत उभी करण्याइतकाच कठीण हिशेब असतो. 'एंजल'ची उंची २० मीटर, पंखांचा पसारा ५४ मीटर, वजन सुमारे २०० टन. असा पसरलेला देह म्हणजे शीड. वारा त्याला ढकलणारच. म्हणून पाया सुमारे २० मीटर खोल खडकात रोवला, ताशी १६० किलोमीटरच्या वाऱ्याचा हिशेब धरला, आणि ताण पेलणाऱ्या फासळ्या आत न लपवता अंगावरच उभ्या ठेवल्या. त्याचं रूप त्या फासळ्यांनीच घडलं आहे. राजकोटचा पुतळा पडला तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ४५ किलोमीटर होता, असं सांगितलं गेलं. या दोन आकड्यांमधलं अंतर हाच खरा वादाचा विषय व्हायला हवा होता.

नागपूरचा हिशेब आणखी वेगळा. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि जुलैत धो धो पाऊस. स्वस्त पडतो म्हणून फायबरचा पुतळा उभा करतात. उन्हाने त्याचा वरचा जेलकोट भुकटीसारखा सुटतो, काचतंतू उघडे पडतात, तिथून ओल शिरते, आतला लोखंडी सांगाडा गंजून फुगतो आणि कवच फाटतं. ब्राँझमध्येही आतलं लोखंड ब्राँझला थेट टेकलं आणि ओल मिळाली, तर लोखंड झपाट्याने खाल्लं जातं; मध्ये विलग करणारा थर हवाच. 'एंजल'साठी वापरलेलं, थोडं तांबं मिसळलेलं आणि स्वतःच्या गंजाची साय धरून थांबणारं पोलाद समुद्राच्या खाऱ्या हवेत बिघडतं, पण विदर्भाच्या कोरड्या हवेला ते चांगलं मानवेल; अट एवढीच की पाणी किंवा पालापाचोळा साचेल अशी एकही खोबण नको, विशेषतः घोट्यापाशी. बीड आणखी सोपं. मात्र दुपारी त्याला हात लावता येणार नाही, म्हणून झाडाची सावली पडेल अशीच जागा निवडावी लागेल. उंचीचंही तसंच. मूर्ती एका नजरेत मावायला तिच्या उंचीच्या साधारण दुप्पट अंतरावर उभं राहावं लागतं. ५० फुटी पुतळ्याला १०० फूट मोकळी जागा लागणार. वर मेट्रो, बाजूला उड्डाणपूल, खाली सिग्नल अशा चौकात ती आणायची कुठून? सव्वासहा फुटी माणसाला साडेबारा फूट पुरतात.

शेवटी एक जागा, जिथे एकट्या वीराचा पुतळा मुळातच अपुरा पडतो. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधानभवनाकडे निघालेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. त्यांत बाया आणि लेकरं मोठ्या संख्येने होती. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे, उड्डाणपुलाला नाव आहे. पण ११४ देह म्हणजे किती, हे तिथून जाणाऱ्याच्या अंगाला कळतं का? गॉर्मली यांच्या 'फील्ड' या कामात वीटभट्टीची माती गावकऱ्यांच्या हातात दिली जाते. सूचना तीनच: मुठीत मावेल एवढी आकृती, ती आपल्या पायावर उभी राहिली पाहिजे, आणि दोन डोळे टोचायचे. डोकं जड झालं तर ती लवंडते. गोळा जाड राहिला आणि पुरता वाळला नाही तर भट्टीत फुटतो. इंग्लंडमध्ये अशा सुमारे ४०,००० झाल्या, चीनमधल्या एका गावात २००३ साली सुमारे दोन लाख. खोली भरून त्या बघणाऱ्याकडे टक लावून उभ्या असतात आणि दारातून आत पाऊल टाकायला जागा नसते. श्रमाचं श्रेय एकट्या शिल्पकाराला का, हा त्यावरचा आक्षेप मला पटतो. इथे करायचं झालं तर घडवणाऱ्या प्रत्येकाचं नाव लागलं पाहिजे. पण गोवारी कुटुंबांनी स्वतःच्या हाताने घडवलेले, माणसाएवढे किंवा मुठीएवढे ११४ उभे देह, चौथऱ्याविना, चालणाऱ्याच्या वाटेवर, ही कल्पना सर्वात कमी दराच्या निविदेत आणि पन्नास फुटांच्या घोषणेत बसत नाही, म्हणून ती कुणाच्या मनात येत नाही.

करायचं असेल तर क्रम उलटा लावावा लागेल. आधी जागा ठरवायची आणि तिथून दिवसाला कोण, किती, कुठल्या दिशेने चालतं ते मोजायचं. मग चितार ओळीतल्या मूर्तिकारांना आणि मारबत बांधणाऱ्या हातांना बोलावून बांबू-कागदाच्या पूर्ण मापाच्या आकृत्या त्याच जागी उभ्या करायच्या आणि महिनाभर ठेवायच्या. लोकांना चिडू द्यायचं, हार घालू द्यायचे, बाजूला उभं राहून फोटो काढू द्यायचे. उंची, मुद्रा, अंतर यांत जे खुपेल ते बांबूत बदलायला एक दिवस लागतो. ओतकाम झाल्यावर ते बदलता येत नाही. निविदा, धातू आणि देखभालीचा दहा वर्षांचा करार हे त्या महिन्यानंतर.